मुलगा दुसरीत आहे, पण बाहेर कोणी काही विचारलं की उत्तरासाठी माझ्याकडे बघतो. काय करावं?

निळी_छत्री

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं वाचते आहे, लिहायची वेळ आता आली. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. आम्ही वाकडला राहतो, घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि सासरे. घरात त्याची अखंड बडबड चालू असते, डायनासोरची अवघड अवघड नावं तोंडपाठ, कॅरम खेळताना आजोबांशी कडाकडा भांडतो. पण दाराबाहेर पडलं की आवाजच बंद. लिफ्टमध्ये कोणी नुसतं "काय रे, कितवीत आहेस" विचारलं की हा माझ्याकडे बघतो आणि मी सांगून टाकते, "दुसरीत आहे काका, जरा लाजतो". दुकानात काही हवं असेल तर माझ्या कानात सांगणार आणि मग मी दुकानदाराला. परवा शाळेत पाण्याची बाटली विसरून आला, म्हटलं उद्या बाईंना विचार, तर म्हणे "तू मेसेज कर ना". वर्गात बाई म्हणतात अभ्यास छान आहे, विचारलं तर हळू आवाजात बरोबर उत्तर देतो, पण आपणहून हात कधी वर करत नाही.

आणि स्वतःच्या कामांचंही तेच. सकाळी सव्वासातला व्हॅन येते, त्यामुळे बॅग मी भरते, बूट सासरे घालतात, नाश्ता सासूबाई भरवतात. त्याने स्वतः खायला घेतलं तर अर्धी पोळी ताटात आणि व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवतायत अशी अवस्था होते. मी काही म्हटलं तर सासूबाई म्हणतात, "तुझ्या नवऱ्याला चौथीपर्यंत भरवलंय, काही बिघडलं नाही त्याचं". यावर काय बोलणार. त्या मनापासून करतात आणि त्यांच्यामुळेच माझी नोकरी चालू आहे हेही खरं.

जाऊबाईंनी त्यांच्या मुलीला पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला घातलंय, शनिवार-रविवार असतो, नवरा म्हणतो आपणही घालू. फी भरपूर आहे. त्याने खरंच फरक पडतो का? आणि दुसरं, आमच्या सोसायटीच्या गेटच्या आतच किराणा दुकान आहे, रस्ता ओलांडायला लागत नाही पण पार्किंगमधून जावं लागतं. एवढ्या वयाच्या मुलाला एकट्याला पाठवतं का कोणी? मला तर विचारानेच धडधडतं. अनुभव असतील तर सांगा प्लीज.

डोंगरवाट

ताई, क्लासचं आधी सांगतो कारण त्यात पैसे जाणार आहेत. थांबा थोडं. क्लासमध्ये काय करून घेतात तर स्टेजवर उभं राहून पाठ केलेलं भाषण बोलायचं, हातवारे कसे करायचे, डोळ्यात बघून कसं बोलायचं. वाईट काही नाही त्यात, ज्या पोरांना आवडतं त्यांनी जरूर जावं. पण तुमच्या मुलाला भाषण करायची अडचण नाहीये, त्याला दुकानदाराला "काका, एक खोडरबर द्या" म्हणायची अडचण आहे आणि ते क्लासमध्ये शिकवत नाहीत, ते दुकानातच होतं.

आमची दोन, मुलगी पाचवीत आणि मुलगा पहिलीत, डोंबिवलीत राहतो. मला सगळ्यात जास्त खटकतो तो वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. रात्री नऊ वाजता बघा, आया-बाबांची रांग लागलेली असते, आज गणिताचं कितवं पान, उद्या क्राफ्टला काय आणायचं, माझ्याने ईव्हीएसची वही शाळेत ठेवली कोणी फोटो टाका. पाच मिनिटांत उत्तर येतं, काम होतं, छान. पण या सगळ्यात ज्याचा होमवर्क आहे तो सोफ्यावर कार्टून बघत बसलेला असतो. त्याला माहीत असतं की वर्गात लक्ष नाही दिलं तरी आई ग्रुपवर विचारणारच आहे. आमच्याकडे नियम असा केलाय की होमवर्क विसरला तर स्वतः मित्राला फोन करून विचारायचं. फोन माझा, बोलणार तो. "काकू, मी अमुक बोलतोय, त्याला फोन द्याल का" इथपासून सुरुवात. ग्रुप मी म्यूट करून ठेवलाय, फक्त शाळेच्या नोटीस बघतो. एक दिवस होमवर्क राहिला तर राहू दे, दुसरीतल्या मुलाची बाई वहीत लाल शेरा मारेल, त्यापलीकडे काय होणार आहे? आणि तो शेरा कसा निस्तरायचा हेही त्यालाच ठरवू दे. बाटलीचं पण तेच. मेसेज करू नका, दोन दिवस घरातली जुनी बाटली द्या आणि विचारत राहा, "बाईंना विचारलंस का रे". कधीतरी विचारेल.

आणि खाली खेळायला जाऊ दे. कोच नसलेलं, वेळापत्रक नसलेलं खेळणं. लगोरी, डबा ऐसपैस, क्रिकेट, काहीही. तिथे आऊट का नॉटआऊट यावरून जी भांडणं होतात ना त्यात पोरं जेवढं बोलायला शिकतात तेवढं कुठेच नाही. फक्त एक पाळा, भांडण झालं की बाल्कनीतून ओरडून निवाडा करायचा नाही. रक्त आलं किंवा कोणी दगड उचलला तर जायचं, नाहीतर पोरं आपलं आपण मिटवतात.

झेडपी_बाई

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथी सगळी लेकरं हाताखालून जातात. ताई, तुम्ही स्वतःच लिहिलंय बघा, तो माझ्याकडे बघतो आणि मी सांगून टाकते. सगळं इथंच आहे. लेकराला विचारलेल्या प्रश्नाला लेकरानंच उत्तर द्यायचं असतं आणि त्याला त्यासाठी वेळ लागतो. मोठ्या माणसाला शांतता सहन होत नाही.

हे मी मनानं सांगत नाही. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाई होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गातली शेकडो रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच सांगून टाकतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब यायला लागतात आणि जी लेकरं कधी बोलत नाहीत तीही बोलायला लागतात. ऐकायला तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, पण करून बघा, मनातल्या मनात एक दोन तीन म्हणा, लई मोठा वेळ वाटतो. मी वर्गात हे रोज पाळते. प्रश्न विचारला की मान खाली घालून हजेरीत काहीतरी बघत बसते, लेकराच्या तोंडाकडे टक लावून बघत नाही. टक लावलं की ते आणखी आक्रसतं.

आता दुसरी गोष्ट, ती जरा लांबची आहे पण सांगते. आमच्याकडे निम्मी लेकरं ऊसतोड मजुरांची. दिवाळीच्या आगेमागे मायबाप टोळीबरोबर कारखान्याला जातात, ते उन्हाळा लागताना परत येतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर कोपीवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर, जातात. दुसरीतली पोरगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन पाणी भरते, चूल पेटवते, भाकरी थापायला शिकलेली असते. स्वावलंबन म्हणाल तर शहरातल्या दहा लेकरांना पुरून उरेल. पण तीच पोरगी वर्गात आल्यावर तिला नाव विचारलं तर पदर नसतो तरी हात पदर शोधतात असं होतं. कारण तिला कामं सांगितली सगळ्यांनी, पण तिचं ऐकून कोणी घेतलं नाही. तेव्हा लोक "मुलांना लहानपणापासून कामं लावा म्हणजे कॉन्फिडन्स येतो" असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. काम केल्यानं हात तयार होतात. बोलायचा धीर येतो तो आपलं बोलणं कोणीतरी थांबून ऐकतंय हे कळल्यावर. दोन्ही लागतं. आणि जे काम न करून चालतच नाही, ज्यात पर्याय नाही, ते ओझं असतं, त्याला कौतुकानं स्वावलंबन म्हणू नये.

वर्गात आम्ही दोन गोष्टींनी लेकरं बोलती करतो. एक परिपाठ. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एकानं दिनविशेष, एकानं बातमी, एकानं गोष्ट असं असतं. बऱ्याच ठिकाणी चार हुशार लेकरंच वर्षभर करतात, मी हजेरीच्या नंबरानं पाळी लावते, कोणाला सूट नाही, पण ज्याला भीती वाटते त्यानं सुरुवातीला फक्त आजचा वार आणि तारीख सांगायची. तेवढंच. महिन्यानं तो बातमी वाचतो. दुसरं म्हणजे बाल बाजार. लेकरं घरची मेथी, कोथिंबीर, लिंबं, आईनं केलेल्या चकल्या घेऊन शाळेच्या अंगणात पोती टाकून बसतात आणि गावातले लोक गिऱ्हाईक म्हणून येतात. मागच्या बाजाराला एक पोरगा होता, वर्षभर तोंडातून शब्द नाही. त्याच्या मेथीच्या जुड्या बघून सरपंचबाई म्हणाल्या, "दहाला दोन दे". तो म्हणाला, "दहाला एकच, दव पडल्यावर तोडलीय, ताजी हाय". सगळी बघत राहिली. त्याला मेथीतलं कळत होतं म्हणून तो बोलला. तुमच्या लेकराला डायनासोरमधलं कळतं ना, मग पाहुणे आले की कितवीत आहेस ऐवजी त्यांना सांगून ठेवा, डायनासोरचं विचारा म्हणून.

निळी_छत्री

झेडपी_बाई, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. डोंगरवाट, ग्रुपचं अगदी खरं आहे, आमचा ग्रुप तर सकाळी सहापासून सुरू होतो.

एक शंका आहे. मी गप्प राहिले आणि तोही गप्प राहिला तर समोरच्या माणसाला तो उद्धट वाटतो. "बोलत नाही का रे, जीभ मांजराने नेली का" असं लोक म्हणतात आणि मग तो आणखीच माझ्या मागे लपतो. अशा वेळी काय करायचं?

झेडपी_बाई

"तो विचार करतोय, सांगेल" एवढंच म्हणायचं आणि हसायचं. "लाजाळू आहे" हे मात्र बंदच करा ताई, लेकराच्या समोर तरी. रोज ऐकून त्याला वाटतं आपण असेच आहोत आणि असंच राहायचंय. आणि नाहीच बोलला तर नाही बोलला, घरी आल्यावर त्यावर चर्चा नको, तू असं का केलंस नको. पुढच्या वेळी कोण भेटणार आहे ते आधी सांगून ठेवा, "खालच्या मजल्यावरचे काका विचारतील कितवीत, काय सांगशील" असं घरात खेळात करून बघा. सासरे काका होतील, पोरगा पोरगाच राहील. मग उलटं करा, तो काका होईल आणि सासरे लाजतील.

योकोहामाकर

दुकानाच्या प्रश्नावर लिहिते. आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे जपानमध्ये आहोत, मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीत. इथे पहिलीतली मुलं चालत शाळेत जातात, आई-बाबा सोडायला जात नाहीत, हे व्हिडिओ सगळ्यांनी बघितले असतील आणि त्याखाली "आपली मुलं बघा आणि जपानची बघा" अशा कमेंट्स. ते वाचून मला वाईट वाटतं, कारण त्या व्हिडिओत मूल दिसतं, त्याच्या भोवतीची व्यवस्था दिसत नाही.

मुलं एकेकटी सुटत नाहीत. आमच्या भागात गल्लीतल्या मुलांचा गट ठरलेला असतो, सहावीतला मुलगा किंवा मुलगी सगळ्यात पुढे, लहान मुलं मध्ये. पहिलीतल्या मुलांच्या टोप्या किंवा दप्तराची कव्हरं पिवळी असतात, म्हणजे गाडीवाल्याला लांबूनच कळतं की हे नवं पिल्लू आहे, जपून. क्रॉसिंगवर झेंडे घेऊन पालक आणि म्हातारी मंडळी पाळीपाळीने उभी राहतात. शाळा जवळचीच असते. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाटेवरच्या काही घरांवर आणि दुकानांवर स्टिकर असतो, "मुलांचं ११० चं घर" असा त्याचा अर्थ, ११० हा इथला पोलिसांचा नंबर. भीती वाटली, कोणी मागे लागलं, शू लागली, काहीही असो, मुलाने त्या दारात जायचं. शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही मुलीला घेऊन तो रस्ता पुन्हा पुन्हा चाललो, ती पुढे आणि आम्ही मागे, आणि प्रत्येक स्टिकर तिनेच शोधून दाखवायचा.

हे वाकडच्या सोसायटीत करता येईल की. पार्किंगमधून जाणारा एकच रस्ता ठरवून टाक, भिंतीच्या कडेने, गाड्यांच्या मधून नाही. उभी गाडी सुरू आहे का हे मागच्या लाल-पांढऱ्या दिव्यावरून कसं ओळखायचं ते दाखव, कारण रिव्हर्स घेणाऱ्या ड्रायव्हरला सात वर्षांचं मूल आरशात दिसतच नाही. लहान मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही, त्यामुळे मोठा रस्ता ओलांडणं आत्ता नकोच, ते अजून काही वर्षं हात धरूनच. पण गेटच्या आतलं दुकान चालेल. वाटेत दोन-तीन ठिकाणं ठरव, वॉचमनची केबिन, तळमजल्यावरच्या कोणी काकू, दुकानदार स्वतः, आणि तिघांनाही तोंडाने सांगून ठेव की हा एकटा येईल, लक्ष असू दे. लिफ्ट एकट्याने नको, जिना. आणि घरातल्या एका मोठ्याचा फोन नंबर त्याला पाठ हवा. माझ्या मुलीला आम्ही तो आरतीच्या चालीवर पाठ करून घेतला, अजून तशीच म्हणते.

एक अजून. इथे शाळेत दुपारचं जेवण मुलंच वाढतात, पांढरे एप्रन आणि टोप्या घालून, आणि वर्ग, जिने सगळं मुलंच झाडतात, पुसतात. सुरुवातीला मुलीने सूप सांडलं, बाईंनी फडका दिला, बाकीची चार मुलं आपणहून पुसायला आली, पाच मिनिटांत वाढप पुन्हा सुरू. कोणी तिच्या हातातून पळी काढून घेतली नाही. सकाळच्या नाश्त्याबद्दल तू लिहिलंस तेव्हा मला हेच आठवलं.

आबा_सांगलीकर

पोरी, मी तुझ्या सासऱ्यांच्या वयाचा आहे म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, पण तुझ्या सासूबाईंची बाजू कोणी मांडली नाही.

घरात म्हातारं माणूस असतं त्याला दिवसभरात आपली गरज कुणाला आहे हे शोधावं लागतं. नातवाला घास भरवताना ती गरज डोळ्यासमोर दिसते. तू नुसतं "आई, भरवू नका" म्हणालीस तर त्यांना ऐकू येतं "आई, आता तुमचं काम नाही". तेव्हा एक काढून घ्यायचं असेल तर दुसरं हातात द्यावं लागतं. आमच्या सूनबाईनं असंच केलं. ती म्हणाली, "आई, याला भाकरी करायला शिकवा तुम्ही, मला तुमच्यासारखी येत नाही". झालं, आमची मंडळी खूश. नातू पिठात हात घालून बसायचा, पहिली भाकरी नकाशासारखी, पण ती त्यानं स्वतः खाल्ली, कुणी भरवायला लागलं नाही. स्वतः केलेलं पोरं खातातच.

बुटाचंही तसंच. सासऱ्यांना सांग, घालू नका, शेजारी बसा आणि तुमचे स्वतःचे बूट घाला, कोण आधी घालतंय बघू. आम्ही म्हातारे वाकायला वेळ लावतो, पोरगं जिंकतंय की नाही बघ. मात्र एक कर, सगळं सकाळी सव्वासातच्या गडबडीत शिकवू नकोस. शाळा असताना घाई असते आणि घाईत कुणीच कुणाला शिकवू शकत नाही. बॅग आदल्या रात्री भरायची, वेळापत्रक भिंतीवर त्याच्या उंचीला लाव. बूट-जेवण वगैरे आधी रविवारी सुरू कर. पोळीचा रोल करून दे हातात, ताट घेऊन बसून खायला वेळ लागत असेल तर. वीस मिनिटं आधी उठव, झोपही वीस मिनिटं आधी.

आणि नातवाला आजीची कामं करू दे. आमचा नातू मला औषधाच्या गोळ्या वाचून देतो, सकाळच्या कुठल्या रात्रीच्या कुठल्या, मी डबीत घालतो आणि घालण्याआधी एकदा मीही चष्मा लावून बघतो. पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाचून दाखवतो. माझं काम खरंच होतं त्यानं, आणि आपल्यामुळं आबांचं काम झालं हे त्याला कळतं.

शेवग्याची_शेंग

मी लहान मुलांच्या विकासावर काम करते, त्यामुळे एक गोष्ट सांगायलाच हवी, फक्त तुमच्यासाठी नाही, जे वाचतायत त्या सगळ्यांसाठी. तुमच्या मुलाबद्दल वाचून मला काळजी वाटत नाही, तो शाळेत विचारल्यावर उत्तर देतो, हळू का असेना. पण काही मुलं घरी भरपूर बोलतात आणि शाळेत महिनोन् महिने एक शब्दही बोलत नाहीत, शू लागली तरी सांगत नाहीत, खाणाखुणासुद्धा गोठतात. त्याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. तो हट्ट नाही, उद्धटपणा नाही, वळणही नाही, ती चिंता असते आणि मदतीने सुधारते. शाळेचा सुरुवातीचा महिना सोडून त्यानंतरही महिनाभर असंच चालू असेल तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बाल मानसोपचाराच्या ओपीडीत दाखवा, "मोठा झाला की बोलेल" म्हणत वर्षं घालवू नका. कान एकदा तपासून घ्या. सरकारी शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, हा कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, त्यांना सांगितलं तर जिल्ह्याच्या केंद्रात पुढची तपासणी मोफत होते. गावाकडच्या पालकांना हे माहीतच नसतं.

आता कौतुकाबद्दल. तो दुकानात बोलला तर "वा, किती हुशार, किती धीट माझं बाळ" असा गजर करू नका. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला देऊन काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं आणि काहींना "तू मेहनत घेतलीस". पुढे अवघड कोडी आली तेव्हा हुशार म्हटलेली मुलं लवकर ढेपाळली, त्यांनी सोपंच मागितलं, आणि आपले मार्क सांगताना वाढवूनही सांगितले. म्हणजे हुशार म्हणवून घेतलं की ते टिकवायचं ओझं येतं. त्यापेक्षा काय झालं तेवढंच सांगा. "तू काकांना दोनदा सांगितलंस, पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नव्हतं तरी." बस. त्याला कळतं की आईने बघितलं.

आणि प्लीज, प्रॅक्टिकल लाइफ स्किल्सचे महागडे किट मागवू नका, इथे दुसऱ्या धाग्यावर त्याच्या लिंक फिरत होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला १९४५ पासून बालशिक्षण उभं केलं ते शिंपले, बिया, पानं, माती यांच्यावर. घरात वाटाणे आहेत, मेथी आहे, डबे आहेत, जुन्या शर्टाची बटणं आहेत. फक्त भांडं त्याच्या हाताच्या मापाचं द्या. मोठ्या जगमधून पाणी ओतताना सांडणारच, अर्धा भरलेला छोटा तांब्या दिला तर सांडत नाही. आणि फडका त्याचा हात पोचेल असा टांगून ठेवा.

निळी_छत्री

किती आभार मानू तुम्हा सगळ्यांचे. आबा, राग कसला, वाचताना डोळ्यात पाणी आलं. सासूबाईंना आज विचारलं, थालीपीठ शिकवाल का त्याला, तर त्या लगेच रविवारचं ठरवून मोकळ्या झाल्या, आणि ते कसं थापायचं यावर सासऱ्यांशी वादही झाला. क्लासचं आम्ही तूर्त लांबणीवर टाकलंय.

दुकानाचं मनावर घेतेय, योकोहामाकरने सांगितलंय तसं आधी रस्ता बरोबर चालून. पण एक व्यावहारिक अडचण आहे. आम्ही घरात सगळं फोनवरूनच पैसे देतो, दूध ॲपवरून येतं, भाजी ॲपवरून येते, त्याने सुटे पैसे हातात कधी धरलेच नाहीयेत. दहाची नोट आणि विसाची नोट त्याला ओळखू येते पण पन्नास देऊन किती परत घ्यायचे हे त्याला कळेल का? पहिल्यांदा काय आणायला सांगू?

ताकपिठलं

मी सांगते, माझं स्वतःचं छोटं किराणा दुकान आहे नगरला, अशी पोरं रोज येतात. आधी घरात एका डब्यात चिल्लर ठेवा, एक, दोन, पाच, दहाची नाणी, आणि त्याच्याशी दुकान-दुकान खेळा खऱ्या पैशांनी, घरातल्याच वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावून. दुसरीच्या गणितात नाणी-नोटा असतातच.

पहिल्यांदा एकच वस्तू सांगा, आणि ज्याची किंमत पाकिटावर छापलेली आहे अशी. दहाचा बिस्किटचा पुडा चालेल, काडेपेटी मात्र नको, ती आम्ही लहान पोराला देत पण नाही. पैसे बरोबर मोजून द्या, म्हणजे परत घ्यायचा प्रश्नच नाही. ते जमलं की दहाच्या वस्तूला विसाची नोट. मग दोन वस्तू. कोथिंबीर, टोमॅटो असलं निवडून घ्यायचं सगळ्यात शेवटी, कारण त्यात दुकानदाराशी बोलावं लागतं, "काका, ही पिवळी आहे, दुसरी द्या" म्हणावं लागतं. चिठ्ठी लिहून देऊ नका. चिठ्ठी दिली की पोरं नुसता हात पुढे करतात, तोंड उघडतच नाहीत. विसरण्याची भीती असेल तर त्याला स्वतःच्या अक्षरात लिहू द्या आणि वाचून दाखवायला सांगा.

दुकानदाराशी आधी बोलून ठेवा, पण दोनच गोष्टी. एक, तो आल्यावर मोठ्या गिऱ्हाइकांच्या मागे त्याला ताटकळत ठेवू नका, त्याचा नंबर आला की त्यालाच विचारा. गर्दीत मोठी माणसं पोराच्या डोक्यावरून हात घालून आपलं सामान मागतात, त्यामुळे संध्याकाळी सातला पाठवू नका, दुपारी चारला पाठवा, दुकान रिकामं असतं. आणि दुसरं, तो गप्प उभा राहिला तर "आईने काय सांगितलंय" म्हणून तुम्हाला फोन करू नका. पैसे कमी पडले तर "घरी विचारून ये" म्हणायचं, उधारीवर द्यायचं नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी जिन्याच्या वळणावर उभ्या राहा हवं तर, मला कळतं आईचा जीव. पण तो पिशवी घेऊन आला की हिशोब लगेच मोजायला बसू नका, पिशवी त्यालाच ओट्यावर रिकामी करू द्या. आणि परत आलेली चिल्लर त्या डब्यात तोच टाकेल, पुढच्या खरेदीला त्यातूनच काढायची.